चौकटीच्या माथ्यावरील नाव : बहुचौकटी आलेखांची शीर्षके आणि पुण्यातील पर्जन्य-सांख्यिकी

१

एकाच मापाच्या अनेक लहान चौकटी एका पानावर मांडावयाच्या, प्रत्येकीत एकाच प्रकारचा आलेख काढावयाचा आणि तुलनेचे काम वाचकाच्या दृष्टीवर सोपवावयाचे, ही पद्धत सांख्यिकीय लेखनात जुनी आहे. अमेरिकेच्या १८७० च्या शिरगणतीवर आधारलेल्या आणि फ्रान्सिस वॉकर यांनी सिद्ध केलेल्या १८७४ च्या नकाशासंग्रहात तिचा विपुल उपयोग केलेला दिसतो. हिंदुस्थानात सर जॉन इलियट यांच्या १९०६ च्या हवामान-नकाशासंग्रहातही महिन्यामागून महिना अशी मांडणी आढळते.

अशा आलेखात प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर एक नाव असते. वाचक ते क्षणात वाचतो व पुढे जातो. परंतु खालील रेषा कोणत्या प्रदेशाची, कोणत्या काळाची, हे सांगण्याचा सर्व भार त्या नावावरच असतो. नकाशे हाताने काढले जात होते तोवर हे नाव आरेखक विचारपूर्वक लिहीत असे. संगणकाने या व्यवहाराचा क्रम उलटा केला. आता आकडेवारीच्या स्तंभात जे अक्षर नोंदलेले असेल, तेच आपोआप चौकटीच्या माथ्यावर छापले जाते. नोंदणी करणाऱ्याने सोयीसाठी वापरलेला संकेतच वाचकापुढे शीर्षक म्हणून येतो. शीर्षके बदलण्याचा प्रश्न येथून उद्भवतो. तो वरवर सजावटीचा वाटला, तरी वस्तुतः ऐतिहासिक प्रामाण्याचा आहे.

२

या प्रश्नाची यांत्रिक बाजू थोडक्यात सांगता येते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी ‘एस’ या सांख्यिकीय संगणकभाषेस आरंभ केला. तेथेच पुढे बेकर, क्लीव्हलँड व श्यू यांनी ‘ट्रेलिस’ नावाची बहुचौकटी आलेखपद्धती विकसित केली. तिचे विवेचन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘एस’च्या धर्तीवर ‘आर’ ही भाषा निर्माण केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० मध्ये प्रसृत झाली. ‘ट्रेलिस’ पद्धती ‘आर’मध्ये ‘लॅटिस’ या रूपाने आणण्याचे श्रेय भारतीय सांख्यिकी संस्थेशी संबंधित असलेले दीपायन सरकार यांना आहे. हॅडली विकम यांचे ‘जीजीप्लॉट-२’ हे साधन २००७ पासून उपलब्ध झाले. २०१५ मधील त्याच्या आवृत्तीत शीर्षकांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘लेबलर’ या अंगाची पुनर्रचना करण्यात आली.

‘लेबलर’मागील कल्पना साधी, पण महत्त्वाची आहे. आकडेवारीतील मूळ संकेत जसाच्या तसा राहतो. कोणत्या संकेताऐवजी वाचकास कोणते नाव दाखवावयाचे याची स्वतंत्र सारणी करून ती आलेखास जोडण्यात येते. नाव बदलते, नोंद बदलत नाही.

३

चौकटींची मांडणी व तिजवरील नावे यांत किती अर्थ सामावलेला असतो, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सहा ठिकाणी, दहा वाणांवर, १९३१ व १९३२ या दोन वर्षांत झालेल्या जवाच्या प्रयोगाची आकडेवारी इमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. फिशर यांच्या १९३५ च्या ग्रंथापासून अनेकांनी ती वापरली. क्लीव्हलँड यांनी १९९३ मध्ये प्रत्येक ठिकाणास एक चौकट दिली आणि चौकटींचा क्रम वर्णानुसार न लावता उत्पन्नाच्या मध्यकानुसार लावला. तेव्हा असे आढळले की, पाच ठिकाणी १९३१ चे उत्पन्न एकंदरीत अधिक असताना मॉरिस या एकाच ठिकाणी ते उलट आहे. तेथे दोन वर्षांची नावे परस्परांच्या जागी पडली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु २०१३ मध्ये केव्हिन राइट यांनी अधिक वर्षांची आकडेवारी व हवामानाचा पुरावा तपासून, ही नोंद मुळातच बरोबर असण्याचा संभव दाखवून दिला. संशय आला म्हणून कोणी मूळ आकडेवारीतील वर्षे अदलाबदल करून ठेवली असती आणि तीच प्रत पुढे चालत आली असती, तर ही फेरतपासणी दुरापास्त झाली असती.

४

पुण्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकटचा आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याची मुख्य कचेरी कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्यास व तेथून १९२८ मध्ये पुण्यास आली. १९४४ मध्ये ती दिल्लीस गेली. तथापि शिवाजीनगर येथील वास्तूस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ असेच म्हणतात. वस्तू बदलली तरी नाव टिकते, याचा याहून बोलका दाखला शोधावयास नको. देशाची हवामानविषयक आकडेवारी जतन करणारे केंद्र पुण्यातच आहे आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्थाही येथेच, पाषाण येथे आहे.

खात्याच्या सध्याच्या ३६ उपविभागांपैकी चार महाराष्ट्राशी संबंधित आहेत : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. संगणक चौकटींचा क्रम सामान्यतः वर्णानुसार लावतो. येथे योगायोगाने तो क्रम देवनागरीत व रोमन लिपीत सारखाच येतो आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या भूगोलाशीही जुळतो. त्यामुळे दोष झाकला जातो. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या चौकटी मांडताच तो उघडा पडतो. ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर असा क्रम लागून मोसमी पावसाचा ओघच मोडतो. शीर्षकांचा क्रम अभ्यासकाने स्वतः सांगितला पाहिजे, तो अक्षरांवर सोडता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

याहून गंभीर प्रश्न नावांच्या इतिहासाचा आहे. ब्रिटिश काळातील पर्जन्यविषयक प्रकाशनांत कोकण, मुंबई दख्खन, उत्तर हैदराबाद, वऱ्हाड, पश्चिम मध्यप्रांत अशी विभागनामे येतात. जुन्या सारण्यांवरून आलेख काढताना ‘वऱ्हाड’ या संकेतास ‘विदर्भ’ हे शीर्षक दिले, तर ते केवळ नामांतर ठरत नाही. वऱ्हाडात नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे जिल्हे नव्हते. विदर्भात ते आहेत. उत्तर हैदराबाद म्हणजेच मराठवाडा, असेही धरून चालता येत नाही. १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली असलेला गोवा जुन्या ‘कोकण’ विभागाच्या चौकटीत नव्हता. अशा ठिकाणी नवे शीर्षक वाचकाची दिशाभूल करते.

उलटपक्षी, पाषाण येथील संस्थेतील बी. पार्थसारथी, ए. ए. मुनोत व डी. आर. कोठावळे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत १८७१ च्या पावसावरही आधुनिक उपविभागांची नावे आहेत, आणि तेथे ती योग्य आहेत. कारण त्यांनी जुन्या विभागांची बेरीज उचललेली नाही. ३०६ पर्जन्यमापकांची एक स्थिर मालिका निवडून, जिल्ह्यांच्या क्षेत्रफळानुसार भार देऊन, आधुनिक उपविभागांची सरासरी त्यांनी नव्याने काढली आहे. तेथे नाव व वस्तू यांचा मेळ आहे. नाव जुने की नवे, यापेक्षा ते खालील आकड्यांच्या घडणीशी सुसंगत आहे की नाही, हाच येथे निकष होय.

५

जिल्हावार आलेखांत हीच अडचण अलीकडे नव्या रूपात आली आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. येथे नाव बदलले, प्रदेश तोच राहिला. म्हणून शीर्षक-सारणीने नवे नाव दाखविणे सर्वथा रास्त आहे. मात्र बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. केवळ नावावरून केलेली सारणी देशव्यापी आलेखात त्या जिल्ह्यासही छत्रपती संभाजीनगर म्हणेल. यास्तव सारणीचा आधार जिल्ह्याचे नाव नसून राज्यासह दिलेला निश्चित संकेतांक असावयास हवा.

देवनागरी शीर्षकांबाबत आणखी एक व्यावहारिक दक्षता आवश्यक ठरते. ‘आर’मधील छपाईचे मूळ साधन जोडाक्षरांची जुळणी करीत नाही, ‘मध्य’ हा शब्द फुटून उमटण्याचा संभव असतो. अक्षरजुळणी जाणणाऱ्या ‘कैरो’सारख्या साधनाचा अवलंब केल्यास हा दोष टळतो. मराठीतून संशोधन प्रसिद्ध करणाऱ्याने हे गौण मानू नये. मराठी नाव अशुद्ध उमटते म्हणून इंग्रजी शीर्षकाचा आश्रय घेण्याचे कारण उरत नाही.

एकंदरीत, चौकटीचे शीर्षक हा आलेखाचा अलंकार नसून त्यातील एक विधान आहे. विधान म्हटले की त्याचा पुरावा आला. मूळ नोंद अबाधित ठेवावी, वाचकासाठीचे नाव वेगळ्या सारणीत लिहावे, ती सारणी आलेखाबरोबर प्रसिद्ध करावी, आणि जेथे नावाबरोबर प्रदेशही बदलला असेल तेथे जुनेच नाव ठेवून बदलाची नोंद करावी. इतके पाळल्यास १९०१ चा पाऊस आजच्या नकाशावर मांडतानाही तो कोणत्या भूमीवर पडला होता, हे पुढील अभ्यासकास ओळखता येईल.