हरवलेल्या अश्वशक्तीची कुळकथा

१६० अश्वशक्तीचं, सुपरचार्जर नसलेलं पिस्टन इंजिन दहा हजार फुटांवर नेलं, की भोवतालची हवा समुद्रसपाटीच्या ७४ टक्के घनतेची होते. सरळ हिशेबाने ११८ अश्वशक्ती मिळायला हवी. फेरे तेवढेच ठेवूनही मिळते ११३च्या आसपास. ही पाचाची तूट दाखवतो तो विमान-सिम्युलेटर खरा, असं मी मानतो.

सिम्युलेटरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: १९२९चा एड लिंकचा ट्रेनर, १९८०चा ब्रूस आर्टविकचा ॲपल टूवरचा खेळ. तुटीचं मूळ मात्र १९३४च्या एका शोधनिबंधात आहे. गॅग आणि फेरर यांनी तो लिहिला आणि गंमत म्हणजे त्याचा विषय होता सुपरचार्जर लावलेली इंजिनं! साध्या इंजिनांचं सूत्र अशा परक्या घरात जन्मलं: घनतेच्या प्रमाणाला १.१३२ने गुणा, ०.१३२ वजा करा, उत्तराला समुद्रसपाटीच्या शक्तीने गुणा.

वजाबाकी कशाची? घर्षणाची. हवा विरळ झाली की स्फोटाचा जोर घटतो, पण पिस्टन-रिंगा आणि बेअरिंगा आपला वाटा जवळपास पूर्वीइतकाच मागतात. घनता ११.७ टक्क्यांवर उतरली, म्हणजे सुमारे १७ किलोमीटरवर, की सूत्राचं उत्तर शून्य येतं. सगळी कमाई इंजिन स्वतःलाच फिरवण्यात संपते.

जॉन लोरी हलक्या विमानांच्या कामगिरीवरच्या आपल्या पुस्तकात ११.७ऐवजी १२ टक्के धरतात. त्याने दहा हजार फुटांवर अर्ध्या अश्वशक्तीचाही फरक पडत नाही, त्यामुळे हा वाद मला किरकोळ वाटतो. खरा वाद वारशाचा आहे. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमागची उड्डाणाचं गणित करणारी प्रणाली, जेएसबीसिम, इंजिनाची शक्ती इंधनाच्या प्रवाहावरून काढते, तिथे १९३४चं ऋण कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तिथेही घर्षण वेगळं काढून वजाच केलं आहे. फक्त त्याचे दोन भाग केलेत, एक स्थिर आणि एक पिस्टनच्या सरासरी वेगाबरोबर वाढणारा. ही कल्पना पाठ्यपुस्तकांच्या वाटेनेच तिथे पोहोचली असणार.

मुलगा बापाच्या पुढे गेला तो मात्र थ्रॉटल बंद केल्यावर. जुनं सूत्र पूर्ण उघड्या थ्रॉटलचं, उतरणीबद्दल ते गप्प. जेएसबीसिममध्ये वजाबाकी शून्याखाली जाते, वाऱ्याने फिरणारा पंखाच इंजिनाला ओढू लागतो आणि विमान लवकर खाली येतं.