आरोग्य विमा

आरोग्य विमा : आजार, अपघात वा प्रसूती यांमुळे उद्‌भवणारा वैद्यकीय खर्च व बुडणारे उत्पन्न यांचा भार अनेकांनी मिळून उचलण्याची व्यवस्था. तिचा पैसा कोणी द्यावा, हा वाद जुना आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ साली सक्तीचा आजारविमा आला. त्यात वर्गणीचा दोनतृतीयांश भाग कामगार व एकतृतीयांश मालक देई. ब्रिटनने १९११ च्या कायद्याने शासनालाही त्यात सहभागी करून घेतले आणि १९४८ पासून मुख्यतः करांतून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा स्वीकारली.

भारतात बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने औद्योगिक कामगारांसाठी विम्याचा मार्ग सुचविला. भोर समितीचे (१९४६) मत निराळे होते : बहुसंख्यांना वर्गणी झेपणार नाही, म्हणून सेवा सरकारी महसुलातून द्यावी. प्रत्यक्षात कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. ही योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे सुरू झाली. औषधोपचारांबरोबर आजारपणात सुमारे निम्मे वेतनही मिळे, हे तिचे खरे मोल. मात्र वर्गणी वेतनातून कापावयाची, तर वेतनपट हवा. शिवाय हंगामी कारखाने, त्यांत साखर कारखानेही, अधिनियमाने वगळले. हंगामी कारखान्यांना मिळालेली ही सूट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात याचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. सहकारी साखर धंद्याचा पाया याच जिल्ह्यात प्रवरेकाठी घातला गेला, तर पूर्वेकडील अवर्षणप्रवण पाथर्डी तालुक्यातून, म्हणजे तिसगावच्या परिसरातून, ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात. बहुधा पतिपत्नींचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर काम करून फेडावयाची असते. कारखाना स्वतःला मालक मानीत नाही आणि मुकादमाजवळ वेतनपट नसतो. आजारपणामुळे काम चुकले, तर ‘खाडा’ धरून उलट पैसे कापले जातात.

शासनाने विमाहप्ता भरलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिच्यात वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये ही मर्यादा पाच लाख रुपये करून ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय झाला. वर्गणीची अट अशा रीतीने गेली, परंतु योजनेचा भर रुग्णालयातील ठराविक उपचारांवर राहिला; फडातला ताप, कंबरदुखी व बुडालेली मजुरी तिच्याबाहेरच राहिली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी पुढे गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये व तितकीच रक्कम शासनाने द्यावी, असे ठरले. ही आकारणी उसाच्या वजनावर असल्याने तिला वेतनपट लागत नाही.