मागच्या दिव्याची तार : मोटारसायकलच्या दिव्यांची कुळकथा

रावेर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी असून या दोहोंमधल्या पट्ट्यात केळीच्या बागा पसरलेल्या आहेत. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा हमरस्ता याच पट्ट्यातून रावेर, सावदा, फैजपूर, यावल ही गावे जोडत जातो. हमरस्ता सोडला की थोड्याच अंतरावर डांबर संपते आणि गाडवाट सुरू होते. शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास असा आळीपाळीने वीजपुरवठा करण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आल्यामुळे रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला अंधारातच बाग गाठावी लागते, आणि हे जाणे-येणे आता बहुधा मोटारसायकलवरून होते. म्हणजे शंभर सी.सी.ची साधी गाडीसुद्धा येथे एकाच फेरीत चिखलाची वाट आणि मालमोटारींची वर्दळ असलेला हमरस्ता अशा दोन्ही ठिकाणी चालते. वाटेवर तिच्या पुढच्या दिव्याने खड्डा दाखवायचा असतो आणि हमरस्त्यावर तिच्या मागच्या दिव्याने मागून येणाऱ्याला ती गाडीच दाखवायची असते. ही दोन कामे दोन दिव्यांत कशी विभागली गेली आणि त्यांतल्या दुसऱ्या दिव्याची आबाळ का होत राहिली, हे त्यांच्या तारांच्या इतिहासातून उलगडते.

या इतिहासाच्या खुणा बोलण्यातल्या शब्दांतही सापडतात. गाडीतल्या सर्व तारांच्या जुडग्याला कारखान्यात 'हार्नेस' म्हणतात; या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ घोड्याला गाडीशी जोडणारे पट्टे आणि दोर, म्हणजे मराठीतला 'साज' असा आहे. दुरुस्तीच्या दुकानात मात्र त्याला सरळ 'वायरिंग'च म्हणतात. इंजिनाच्या चाकात बसवलेल्या वीज निर्माण करणाऱ्या सबंध जुळणीला तेथे 'मॅग्नेट' हे एकच नाव पुरते, कारण त्या जुळणीचा प्राण चुंबक हाच आहे. 'बॅटरी' या शब्दाने खेडोपाडी आधी हातातली विजेरी ओळखली गेली आणि गाडीतल्या विद्युतघटालाही पुढे तेच नाव मिळाले. परिणामी साठवलेली वीज आणि तिच्यापासून मिळणारा उजेड या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदू लागल्या.

बैलगाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील हा या कुळाचा येथला पूर्वज मानता येईल. बैलांना वाट ठाऊक असल्याने त्या कंदिलाकडून दूरवरचा रस्ता उजळण्याची अपेक्षा नव्हती. तो समोरून दिसे आणि मागूनही दिसे, आणि गाडी तेथे आहे एवढेच सांगणे हे त्याचे काम होते. वेग वाढल्यावर मात्र हे पुरेसे राहिले नाही, कारण वेगाने जाणाऱ्या स्वाराला थांबण्याइतके अंतर आधी दिसणे आवश्यक होते. सायकल आणि तिच्यामागून आलेली मोटारसायकल यांना पुढे दूरवर झोत टाकणारा दिवा लागला तो या कारणाने, आणि तेव्हापासून पाहण्याचा दिवा व दिसण्याचा दिवा वेगळे झाले.

पहिल्या मोटारसायकलींनी सायकलीचे तेलाचे दिवेच उसने घेतले. १८९२ मध्ये टॉमस विल्सन यांना अमेरिकेत विजेच्या भट्टीतून कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची रीत सापडली आणि त्यानंतर काही वर्षांतच कार्बाइडचा दिवा सर्वत्र पसरला. त्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे असत. पाण्याचे थेंब खड्यांवर पडले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळून पांढरीशुभ्र ज्योत देई. केळीच्या मुलखाला हा वायू वेगळ्या कारणाने परिचित आहे. फळ पिकवणाऱ्या इथिलीनसारखाच परिणाम ॲसिटिलीन करत असल्याने फळे झटपट पिकवण्यासाठी कार्बाइडच्या पुड्या वापरल्या गेल्या. त्यातील विषारी अंशांमुळे कायद्याने हा वापर निषिद्ध ठरला आहे आणि आज पिकवणी केंद्रांत नियंत्रित प्रमाणात इथिलीन वापरण्यास परवानगी आहे. मोटारसायकलवर या वायूची अडचण निराळी होती. ज्योत पुढच्या दिव्यात असे, तिच्यापर्यंत वायू रबरी नळीने येई, आणि मागच्या दिव्यासाठी एक तर ती नळी गाडीच्या शेवटापर्यंत न्यावी लागे किंवा तेलाची लहानशी चिमणी वेगळी बसवावी लागे. मागचा दिवा दुय्यम ठरण्यास येथूनच सुरुवात झाली.

विजेच्या दिव्याने नळीच्या जागी तार आणली. १९१४ मध्ये अमेरिकेच्या 'इंडियन' कंपनीने विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन असलेली गाडी बाजारात आणली, परंतु त्या काळच्या विद्युतघटाला हा भार पेलला नाही. पुढच्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसननेही विजेचे दिवे असलेली गाडी दिली. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने, जिने आपला जम सायकलीच्या तेलदिव्यांवर बसवला होता, ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्यांना वीज देणारा डायनामो एकाच जुळणीत बसवून 'मॅग्डायनो' तयार केला. डायनामोची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट असल्यामुळे ती विद्युतघटात साठवता येई, आणि इंजिन मंद असताना घटातली वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून मध्ये 'कटआउट' नावाची कळ असे. या योजनेमुळे इंजिन बंद असतानाही दिवा लागू शकला.

रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्यांची वाट येथून वेगळी झाली. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी सुरू झाली आणि १९२४ मध्ये कॅम्बर्लीजवळ 'स्क्रॅम्बल' नावाने पहिली शर्यत झाली. बंदिस्त मैदानात धावणाऱ्या गाड्यांनी वजन आणि मोडतोड टाळण्यासाठी दिवे काढून टाकले. पण सहा दिवसांच्या कसोटीत एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत सार्वजनिक रस्त्याने जावे लागे आणि तेथे दिवे अनिवार्य होते. १९४८ च्या कसोटीतील विजयानंतर ट्रायम्फने आणलेल्या 'ट्रॉफी' या गाडीचा पुढचा दिवा एका जोडणीतून झटकन सुटा करता येत असे. दुकानात 'कपलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या जोडण्यांचा उपयोग तेथे स्पष्टपणे दिसतो. पुढे १९६८ मध्ये यामाहाची 'डीटी-१' आली आणि रानवाट व रस्ता दोन्हींसाठी बनलेली, पण दिवे कायम ठेवणारी गाडी जगभर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

भारतात हा वारसा वेगळ्या मार्गाने आला. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डचा उद्योग उभा राहिला, १९६० च्या दशकात म्हैसूरला जावा आणि फरीदाबादला पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली राजदूत बनू लागली, आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी-१०० आली. हलक्या गाड्यांत दिव्यांच्या विजेचा उगम बहुधा इंजिनाच्या फिरत्या चाकातील चुंबक आणि त्याच्याजवळचे स्थिर वेटोळे, म्हणजे कॉइल, हाच असे. या कॉइलमधून निघणारी वीज दिशा बदलत राहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचा दाब चढतो-उतरतो. ज्या गाड्यांत पुढचा दिवा थेट कॉइलवर असे, त्यांत चिखलात किंवा खड्ड्यात वेग कमी होताच, म्हणजे उजेडाची गरज सर्वाधिक असताना, दिवा मंद होई. त्याहून गंभीर दोष मागच्या दिव्याला भोवे. दाब रोखणारे साधन नसलेल्या गाडीत पुढचा मोठा दिवा उडाला की त्याच्या वाट्याची वीज मागच्या लहान दिव्यावर येई आणि तोही लगेच जळे, त्यामुळे स्वार आंधळा आणि अदृश्य असा एकाच वेळी होत असे.

या दोषावरचे उपाय क्रमाक्रमाने आले. सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्याने ३५ वॅटच्या दिव्याला लागणारा प्रवाह सुमारे ५.८ अँपिअरवरून २.९ वर उतरला आणि त्याच तारेत वाया जाणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर आली. जास्तीची वीज वळवणारा रेग्युलेटर आणि प्रत्यावर्ती वीज दिष्ट करणारा रेक्टिफायर ही दोन साधने एकाच डबीत आली. कॉइलचे एक टोक जर सांगाड्याला जोडलेले असेल, तर विजेची फक्त एक बाजू कामी येते. ते टोक सांगाड्यापासून सोडवून दोन्ही टोके पूर्ण-तरंग रेक्टिफायरला दिली की दोन्ही बाजू वापरता येतात, आणि रानगाड्यांच्या वायरिंगमध्ये ही सुधारणा जगभर केली जाते. एलईडी दिव्यात थरथरीने तुटणारी तार नसते आणि वीजही कमी लागते, मात्र त्याला स्थिर दिष्ट वीज हवी असते. प्रत्यावर्ती विजेवर तो लुकलुकतो.

कायद्याने या साऱ्याला चौकट दिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५ व्या नियमाने सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक केले, आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने मूळ रचनेत मनमानी फेरबदल करण्यास मनाई आहे, म्हणून समोरच्याचे डोळे दिपवणारी दिव्यांची पट्टी बाहेरून बसवणे हा सुधारणेचा मार्ग ठरत नाही.

गाडवाटेवर चालणाऱ्या गाडीत वायरिंग ठराविक जागी दगा देते: हँडल सतत वळल्याने मानेजवळ तारा आतून तुटतात, मागच्या मडगार्डखाली चिखल आणि टायर यांच्या घासण्याने आवरण झिजते, आणि सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार गंजली की सगळेच दिवे मंदावतात. मागचा दिवा स्वाराच्या पाठीशी असल्याने तो गेल्याचे त्याला कळतही नाही. म्हणून मागच्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज देणे, त्याची अर्थिंग सांगाड्यावर न सोडता स्वतंत्र तारेने घटापर्यंत आणणे आणि मडगार्डखालची तार नळीत घालून बांधणे, ही कामे पुढचा झोत वाढवण्याच्या आधी करावीत. पाच वॅटच्या त्या दिव्याला बारा व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज लागते. रात्री पंपावर निघताना गाडी सुरू करून एकदा मागे जाऊन तो लाल दिवा पाहावा, ब्रेक दाबून तो उजळतो याची खात्री करावी, आणि मगच गाडवाटेवरून हमरस्त्याला लागावे.