कापूर: उपमेतला आणि जंगलातला

मराठी संतकवितेत कापराची उपमा वारंवार भेटते. कापूर आणि अग्नी एकत्र आले की दोन्ही सरतात, मागे राखही उरत नाही. अद्वैताला याहून सोयीचा दाखला मिळणे कठीण. वर्गात तो शिकवताना आपण कापराचा विचार तेवढ्यावरच सोडतो. हा कापूर कोणत्या झाडाचा, तो कोणी आणि कसा काढला, हा प्रश्न आम्हांस मात्र वाङ्मयाबाहेरचा वाटत नाही.

मुळात कापूर एक नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची. त्याच सुमारास सुमात्रास पोचलेला मार्को पोलो सांगतो, की तेथील फनसूरचा कापूर सोन्याच्या तोलाने विकला जातो. आपण ज्याला भीमसेनी म्हणतो तो हा. सालवृक्षाच्या कुळातील एका झाडाच्या खोडात तो स्फटिकरूपाने सापडे. दुसरा कापूर चीन, तैवान आणि दक्षिण जपान येथील एका सदाहरित वृक्षाचा. हा वृक्ष दालचिनी-तमालपत्राच्या कुळातला. १५६३ साली गोव्यात आपला वनस्पतिग्रंथ छापणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता दोहोंतील भेद जाणत होता. बोर्निओच्या कापरापुढे चिनी कापूर कितीतरी स्वस्त, हेही.

हा स्वस्त कापूर एकोणिसाव्या शतकात एकाएकी महत्त्वाचा झाला. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. कापरामुळे त्या ठिसूळ द्रव्यास लवचीकपणा येई. कंगवे, कॉलर, बाहुल्या, आणि पुढे चित्रपटाची फीत! फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ज्या फितीवर उतरला, तिच्या घडणीतही कापूर होता. देव्हाऱ्यातला आणि पडद्यावरचा देव एकाच द्रव्याच्या आधाराने दिसत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

जगाच्या कापराचा मोठा हिस्सा तैवानच्या डोंगरांतून येई. १८९५ साली ते बेट जपानच्या ताब्यात गेले आणि १८९९ मध्ये तेथे कापराचा सरकारी मक्ता सुरू झाला. कापूर काढण्याची रीत झाडास जगू देणारी नव्हती. जुना वृक्ष पाडावयाचा, त्याच्या खोडाचे व मुळांचे बारीक तुकडे करावयाचे, ते भट्टीवर वाफवावयाचे आणि थंड भांड्यात जमलेले पांढरे कण खरवडून घ्यावयाचे. भरपूर कापूर देणारे झाड अनेक दशकांचे असावे लागते. भट्ट्या म्हणूनच दरवर्षी अधिक उंच चढत गेल्या आणि अतायाल वगैरे आदिवासींच्या रानांत शिरल्या. मजुरांवर हल्ले झाले. उत्तरादाखल सरकारने पहाऱ्याची रेषा डोंगरात पुढे पुढे सरकवली: चौक्या, विजेच्या तारा, भूसुरुंग. १९१४ च्या तारोको मोहिमेपर्यंत हे चालले. ‘मागे काही उरत नाही’ ही ओळख या कापरास कशी लावावी?

लागवडीचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. तैवानात मक्त्याच्या खात्यानेच रोपे लावली. सिलोनात व फ्लोरिडात झाड न पाडता पाने-डहाळ्या छाटून त्यांचा कापूर काढून पाहिला गेला, आणि ही रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. पण झाडाच्या वाढीचा वेग आणि बाजाराची घाई यांचे जमले नाही. १९०३ साली फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी प्रयोगशाळेत कापूर घडवला; पुढे टर्पेंटाइनपासून तो कारखान्यांत होऊ लागला.

आज आरतीच्या तबकात पेटणारी वडी बहुधा त्याच वाटेने, म्हणजे पाइनच्या राळेतून आलेली असते. कापराच्या झाडाशी तिचा संबंध नाही. ते झाड मात्र ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये, पक्ष्यांनी बिया पसरवल्यामुळे, आता तण म्हणून काढले जाते.