गिअरबॉक्स आणि घरची हत्यारे

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. गिअरबॉक्सच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील पानार-लव्हासोर या पेढीने सरकत्या दातेरी चक्रांची रचना रूढ केली. पुढे १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅकने तिला सिंक्रोमेशची जोड दिली आणि गिअर बदलतानाचा खरखराट शमला. याच परंपरेतील पेटी मॉरिस ऑक्सफर्डमधून आपल्या अँबॅसडरमध्ये आली.

त्या काळच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ‘१८ जी’ने आरंभ होणारे खास हत्यारांचे क्रमांक जागोजागी आढळतात. ती हत्यारे अधिकृत दुरुस्तीशाळांसाठी होती. परकीय चलनाच्या टंचाईत आपल्या गावोगावच्या मिस्त्र्यांना ती कोठून मिळणार? त्यांनी निराळाच प्रश्न विचारला: हे हत्यार करते तरी काय? आम्ही निवृत्तीनंतर घरीच अशी एक पेटी उघडली, तेव्हा याच प्रश्नाने आमची वाट सुकर केली. उत्तर बहुधा चारांपैकी एक असते: धरणे, ओढणे, दाबणे किंवा मोजणे.

ले-शाफ्टचेच पाहा. या घराण्यातील पेट्यांत त्यावरील चक्रसमूह सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. दांडा काढताच रोलर विखुरतात. यासाठी मूळ दांड्याहून किंचित बारीक आणि चक्रसमूहाएवढ्याच लांबीचा तुकडा लेथवर करून घ्यावा. ग्रीसमध्ये बसवलेले रोलर त्याच्या आधाराने जागेवर राहतात. समूह पेटीच्या तळाशी ठेवून मुख्य शाफ्ट बसवावा; मग समूह वर उचलून खरा दांडा आत सरकवावा, म्हणजे तात्पुरता तुकडा आपोआप बाहेर पडतो.

सिंक्रोमेशचा हब सोडवताना त्यातील स्प्रिंगा व गोळ्या उडतात. तो जाड कापडात गुंडाळून सोडवावा. शाफ्टवर बेअरिंग चढवताना योग्य व्यासाच्या नळीने केवळ आतल्या कड्यावर दाब द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकल्यास तो आघात गोळ्यांतून जाऊन त्यांच्या वाटेवर खळगे पडतात.

धरणे, ओढणे, दाबणे यांस घरगुती पर्याय आहेत, मोजण्यास नाही. चक्रसमूहाची आडवी हालचाल इंचाच्या हजाराव्या भागांत जमवायची असते. तेथे अंदाज चालत नाही, फीलर गेजच लागतो, आणि वॉशर त्या मापानेच निवडावा लागतो.

मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरचे उत्पादन थांबले. गाड्या मात्र उरल्या आहेत. आपल्या इंदूर-बडोद्याकडील जुन्या वाड्यांच्या आवारांतही एखादी दिसते. तिची पेटी जुळवू शकणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांनी घडवलेल्या हत्यारांची मापे कोणत्याही पुस्तिकेत नाहीत. ज्या वाचकांचा अशा मिस्त्र्याशी परिचय असेल, त्यांनी वही आणि मोजपट्टी घेऊन एकदा त्याच्याकडे जावे. हे हत्यारांचे तुकडे भंगारात गेल्यावर त्यांचा उपयोग काय होता, हे सांगणारे कोणी उरणार नाही.