कापडाच्या कडेचा इतिहास

हजरत इद्रीस (अलै.) यांनी प्रथम कपडा शिवला, अशी आपली परंपरा सांगते. कित्येक मुस्लिम शिंपी त्यांच्या नावावरूनच स्वतःला इद्रीसी म्हणवतात. सुईपासून यंत्रापर्यंतचा शिवणकामाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. कापलेल्या कापडाच्या कडेला मात्र त्यात फारशी जागा मिळालेली नाही, आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बाईची कमाई अनेकदा अडते ती याच कडेवर.

फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए याने 1830 साली शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी पुढच्याच वर्षी त्याचा कारखाना मोडून टाकला. अमेरिकेत एलियास हाउ याला 1846 साली पेटंट मिळाले. 1851 मध्ये आयझॅक सिंगर पुढे आला. 1856 पासून त्याच्या कंपनीने हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली. सामान्य घरात यंत्र शिरले ते खरे या हप्त्यांमुळे.

या मशीनने दोन कापडे जोडली, पण कड उघडीच राहिली. कपडा चार वेळा धुतला की दोरे सुटू लागत. मग हाताने कड भरायची, नाही तर आत दुमडून दुसरी शिलाई मारायची. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात मेरो कुटुंबाची विणकामाची गिरणी होती. विणलेले कापड तर कडेला फारच उसवते. या गरजेतून जोसेफ मेरो याने कड बांधणारे यंत्र घडवले, आणि 1889 मध्ये ओव्हरलॉकचे पेटंट झाले. या यंत्रात बॉबिन नसते. पाती जादा कापड छाटते, आणि सुईच्या धाग्यात दोन लूपर आपले धागे गुंफून कड झाकतात. छाटणे आणि बांधणे एकाच वेळी होते.

कारखान्यातले हे यंत्र घरात यायला पाऊण शतक लागले. 1960 च्या दशकात जपानी अभियंत्यांनी तीन धाग्यांचे छोटे ओव्हरलॉक तयार केले. त्याला नाव दिले 'बेबी लॉक'.

आपल्याकडे साधी मशीन 'उषा'सारख्या देशी बनावटीमुळे घरोघर पोहोचली. जहेजमध्ये मशीन देण्याची चालही पडली. ओव्हरलॉक मात्र दुकानातच राहिले. 'पिको-फॉल व इंटरलॉक करून मिळेल' या पाटीतले इंटरलॉक म्हणजे बहुधा हेच. मुंब्रा, गोवंडी, धारावीतली बाई ड्रेस घरी शिवते आणि कडेसाठी गठ्ठा घेऊन दुकानात जाते. तिच्या मजुरीतूनच ते पैसे सुटतात. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तर तिथे ताटकळण्यातच दुपार जाते.

म्हणून परवडणारे ओव्हरलॉक निवडताना आधी काम पाहावे. सलवार-कमीज आणि सुती कपड्यांना तीन धागे पुरतात. जोडाची साधी शिलाई आपल्या मशीनवर मारावी. होजियरी आणि टी-शर्टचे काम असेल तर चार धाग्यांचे घ्यावे, कारण दुसऱ्या सुईमुळे जोड मजबूत होतो आणि ताणही सोसतो. घरगुती मशीन मिनिटाला साधारण 1300 टाके घालते, कारखान्यातली 5000 च्या वर. घरच्या कपड्यांना पहिली पुरे. रोजचे गठ्ठे असतील तर टेबल-मोटरसह जुनी कारखान्याची मशीन टिकाऊ ठरते. पण ती खोलीचा कोपरा अडवते आणि आवाजही करते. खरेदीला जाताना सुती, जॉर्जेट आणि होजियरीच्या चिंध्या न्याव्यात, मशीन चालवून पाहावी आणि धागे स्वतः ओवून पाहावेत. तिच्या सुया जवळच्या बाजारात मिळतात का आणि दुरुस्त करणारा मोहल्ल्यात आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महिन्याला इंटरलॉकवर जाते त्याहून हप्ता जास्त नसावा.

आणि पावती तिच्याच नावाची असावी. 1986 च्या मुस्लिम महिला (घटस्फोट हक्क संरक्षण) कायद्याने लग्नाच्या आधी, लग्नात वा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी किंवा नवऱ्याने दिलेल्या वस्तूंवर घटस्फोटित स्त्रीचा हक्क मान्य केला आहे. जहेजची मशीन तिचीच असते, हे आपल्या घरांत अजून बऱ्याच जणांना सांगावे लागते. स्वतःच्या मजुरीतून घेतलेल्या मशीनबद्दल तरी ते सांगावे लागू नये.