तांबेरा येतो कुठून?



गव्हाच्या वावरातून फिरून आल्यावर धोतराला विटकरीसारखी भुकटी लागली, की आपण म्हणतो, "तांबेरा पडला." आभाळ आलं की तो वरूनच पडतो, अशी जुनी समजूत. ती निम्मी खरी आहे.

तांबेरा म्हणजे बुरशी. तिला जगायला हिरवं पीक लागतं. आपल्याकडे गहू निघाला की एप्रिल-मेच्या उन्हात तिची भुकटी मरून जाते. मग दुसऱ्या साली रोग येतो कुठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२० नंतर कैक वर्षे खपून याचा छडा लावला. निलगिरी व पलनीच्या थंड डोंगरांत उन्हाळ्यातही गहू उभा असे. बुरशी तिथे तग धरी आणि पुढे वाऱ्याबरोबर मैदानात उतरे. म्हणजे तांबेरा बियाण्यातून येत नाही, वाऱ्यावर येतो. म्हणून नुसते बियाण्याला औषध चोळून तो टळत नाही.

१९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने हाहाकार केला. ओंब्या दिसत होत्या, पण दाणा चिमून गेला. तेव्हापासून रोगाला दाद न देणाऱ्या वाणांचा शोध जोरात सुरू झाला. १९६७ च्या सुमारास मेक्सिकोच्या गव्हातून निवडलेला कल्याणसोना आला आणि गावोगाव पसरला. पण जिकडे तिकडे तोच वाण! बुरशीनेही आपली जात बदलली आणि १९७० नंतर थोड्याच वर्षांत तो नारिंगी तांबेऱ्याला बळी पडू लागला.

यातून आपण काय घ्यायचं?

१. एकच वाण वर्षानुवर्षे धरून बसू नका. वाण जुना होतो, त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद संपते. पेरणीआधी सध्याचा शिफारशीचा वाण कृषी सहायकाला विचारा.

२. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. उशिराचा गहू उन्हात सापडतो, आणि काळ्या तांबेऱ्याला ऊबच मानवते.

३. युरिया व पाणी बेताने द्या. माजलेल्या पिकात रोग लवकर फैलावतो.

४. पहिले ठिपके दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून फवारा. सगळं शिवार तांबडं झाल्यावर फवारणी म्हणजे खर्च वाया.

वारा अडवणं आपल्या हाती नाही. वाण आणि वेळ मात्र आपल्याच हाती आहे.